ओसरीवरचे काम, माजघरातले काम

उमरीचे नाव काढले की बाहेरगावची माणसे बँकेचे विचारतात. तारीख ३० जानेवारी १९४८. त्या संध्याकाळी दिल्लीत गांधीजींना गोळ्या घातल्या गेल्या आणि त्याच दिवशी हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या उमरखेड कॅम्पवरचे तरुण आमच्या गावात आले. हैदराबाद स्टेट बँकेच्या शाखेतली वीस लाखांहून जास्त रक्कम त्यांनी निजामाविरुद्धच्या मुक्तिलढ्यासाठी नेली. पुढे त्या पैशाचा हिशेबही दिला गेला. गावाला या गोष्टीचा अभिमान आहे, मलाही आहे. पण मी हिशेबाचे काम करणारी बाई. शाळेत ही गोष्ट ऐकताना मला दुसराच प्रश्न पडायचा: एवढ्याशा गावातल्या बँकेत वीस लाख रुपये आले कुठून?

ते आले कापसातून. जानेवारी म्हणजे कापसाच्या खरेदीची ऐन वेळ. मनमाड ते सिकंदराबाद ही निजामाच्या मुलखातली मीटरगेज लाइन १८९९ ते १९०१ या काळात सुरू झाली आणि तिच्यावरच्या उमरीला स्टेशन मिळाले. स्टेशनाभोवती जिनिंग आल्या, प्रेस आली, अडतीची दुकाने आली. भोकर, नायगाव, धर्माबादकडच्या बैलगाड्या कापसाच्या बोंद्र्या भरून इथे येऊ लागल्या. गावरानी कापूस गाठी बांधून मुंबईला जायचा आणि त्याचा पैसा हंगामात इथे साचायचा.

पण मला लिहायचे आहे ते रेल्वेच्या आधीच्या कापसाबद्दल. जिनिंग येण्यापूर्वी हा सगळा कापूस घरातच हाताखालून जायचा. बायका ओसरीवर बसून सरकी वेगळी काढायच्या. पिंजारी पिंजण खांद्यावर घेऊन दारोदार फिरायचा. पेळू करून रहाटावर सूत निघायचे आणि ते साळ्याच्या मागावर जायचे. शेतापासून अंगावरच्या धोतरापर्यंतचे एकही काम उंबऱ्यापासून फार लांब होत नव्हते. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, मी पुण्याहून उमरीला आले आणि कंपनीचे हिशेब घरूनच करू लागले. तेव्हा सगळे म्हणत होते, हे काहीतरी नवीनच सुरू झाले. आमच्या भागात तरी घरून काम ही जुनी रीत आहे. कारखाना आणि कचेरी मागाहून आल्या.

जुनी म्हणून ती चांगलीच होती असे मी म्हणणार नाही. कामाला आळा घालणारे काय होते आणि ते केव्हा सुटले, हे मला पाहायचे आहे.

माझे आजोळ बिलोली तालुक्यातले, तेलंगणाच्या शिवेला लागून. घर पद्मशाली विणकरांचे. बोलणे अर्धे मराठीत, अर्धे तेलुगूत. दारातून आत शिरले की पहिल्याच खणात खड्ड्याचा माग. विणणारा जमिनीच्या कडेला बसायचा आणि पाय खड्ड्यात सोडून पावड्या दाबायचा. खड्डा असण्यामागे विचार होता. आमच्याकडची हवा कोरडी. कोरड्या हवेत सूत ताठते आणि तुटते. जमिनीतल्या ओलीमुळे ताण्याला जरा दमटपणा मिळायचा. उन्हाळ्यात तेवढ्याने भागायचे नाही, म्हणून विणणे भल्या पहाटे सुरू व्हायचे आणि ऊन चढले की थांबायचे.

पांजण गल्लीत व्हायची. ताणा दोन टोकांना बांधून पसरायचा, ज्वारीच्या पिठाची खळ लावायची आणि कुंच्याने सूत साफ करत जायचे. एकाची पांजण म्हणजे शेजारच्या चार घरांचे हात. पावसाळ्यात खळ वाळत नाही, म्हणून पांजण होत नाही, आणि पांजण नाही म्हणून माग रिकामा. त्या दिवसांत विणकर दुसऱ्याच्या रानात निंदायला जायचे. संध्याकाळी दिवेलागणीला माग आपोआप थांबायचा, कारण बारीक सुताचा तुटलेला धागा कंदिलाच्या उजेडात सापडत नाही. आणि अमावास्येला धोट्याला हात लावायचा नाही. ही रीत शेतकऱ्यांच्या बैलांना होती, गवंड्याला होती, तशी आजोळच्या मागालाही होती. खंडेनवमीला धोटा, फणी, कातर पुजून ठेवायची, त्या दिवशीही काम नाही. लातूरकडे येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, सगळे गाव रानात जेवायला जाते आणि बाजारपेठ ओस पडते, तसाच हा प्रकार. सुट्टी कोणी एकट्याने घेतलेली नसते. ती सगळ्यांची एकदम असते, म्हणून ती कोणी मोडत नाही.

म्हणजे कामाला कडा होत्या. काही सुताच्या आणि उजेडाच्या, काही पंचांगाच्या, काही आठवडी बाजाराच्या. बाजाराच्या दिवशी लुगडी गाठोड्यात घालून निघायचेच, त्यामुळे आदल्या रात्रीपर्यंतचे काम किती, हे ठरलेले. विणकराच्या अंगात शिस्त होती हे खरे, पण त्याच्या शिस्तीचा बराच भार घराबाहेरच्या या गोष्टी उचलत होत्या. आज एकेकट्या माणसाला सांगितले जाते की तू वेळापत्रक कर, तू स्वतःला आवर. मला हे फार निष्ठुर वाटते. माझ्या आजोबांना कधी कोणी असे सांगितले नव्हते.

एक गोष्ट मात्र त्या घरात कधीच मोजली गेली नाही. एक माग चालायला विणणाऱ्याखेरीज आणखी दोन-तीन माणसे लागतात. कांड्या भरायच्या, सूत उकलायचे, मागाच्या वहीत धागे ओवायचे, खळ शिजवायची. हे सगळे आजी करायची, मुली करायच्या. माग ओसरीवर, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेसमोर. रहाट माजघरात, चुलीशेजारी. लुगडे विकून आलेला पैसा आजोबांच्या हातात यायचा आणि लोक म्हणायचे, हे विणकाम करतात. आजी काय करते, असे कोणी विचारलेच तर उत्तर ठरलेले: "ती घरीच असते." माग अमावास्येला थांबायचा. कांड्या मात्र त्या दिवशीही भरल्या जायच्या, दुसऱ्या दिवशीची तयारी म्हणून. ओसरीवरच्या कामाला कड होती, माजघरातल्या कामाला नव्हती. आजी हे तक्रारीच्या सुरात कधी बोलली नाही. मला तिच्या वतीने आजही वाईट वाटते.

कातणे आधी गेले. मुंबईत कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये कापडगिरणीची मुहूर्तमेढ रोवली, १८७७ मध्ये नागपूरला टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि गिरणीचे एकसारखे, स्वस्त सूत बाजारात आले. घरच्या रहाटावरचे सूत त्यापुढे टिकले नाही. साळी टिकले, पण सूत आता व्यापाऱ्याकडून आणायचे. बहुतेकांना ते उधारीवर घ्यावे लागे आणि कापड त्यालाच द्यावे लागे. मला वाटते, घरातल्या कामाच्या इतिहासातले सगळ्यात मोठे वळण हेच आहे. जागा तीच, खड्डा तोच, माणूस तोच. पण कच्चा माल दुसऱ्याचा झाला आणि मग वेळही दुसऱ्याचा झाला. व्यापाऱ्याचे कापड द्यायचे असले की पावसाळ्यातही घरातच धूर करून ताणा वाळवायची धडपड सुरू व्हायची. पुढे गावात वीज आली. सगळ्यांना आनंद झाला, आणि माग रात्री नऊ-दहापर्यंत चालू लागला. आई सांगते, बल्ब लागला त्या वर्षापासून आजोबांची पाठ दुखू लागली.

नांदेडला १९२० च्या दशकात उस्मानशाही मिल उभी राहिली. एकेकाळी नांदेडची मलमल नावाजलेली होती. आता त्याच शहरात शेकडो माणसे भोंगा वाजला की आत जाऊ लागली आणि भोंगा वाजला की बाहेर येऊ लागली. मिलमधले काम जीव काढणारे होते, त्याबद्दल मला गोडी नाही. पण मिलने एक गोष्ट करून दाखवली: कामाचे तास सगळ्यांना दिसू लागले. तास दिसले की त्यांवर भांडता येते. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेऊन जे मागितले, त्यात आठवड्याची सुट्टी होती. १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली. आज सगळ्या देशाला जो रविवार आयता मिळतो, त्यातला मोठा वाटा सत्यशोधक विचारांच्या या माणसाचा आणि त्याच्या मागे उभ्या राहिलेल्या गिरणी कामगारांचा आहे. आमच्याकडे निजामाच्या राज्यात सरकारी सुट्टी शुक्रवारी असायची. १९४८ नंतर आमचा रविवार झाला. कचेरीला शुक्रवार, गिरणीला रविवार, मागाला अमावास्या. माजघराला काय, हा प्रश्न तेव्हाही कोणी विचारला नाही.

नाही, एकदा विचारला गेला, आणि तो विचारणारे लोक आपल्याच मुलखात बसले होते. १९३५ मध्ये गांधीजींच्या चरखा संघात असा प्रश्न उभा राहिला की घरी बसून कातणाऱ्या बाईला दिवसाला जेमतेम आणा-दीड आणा मिळतो, तर खादी कोणाच्या जिवावर स्वस्त ठेवायची? गांधीजींचे म्हणणे होते की आठ तास नीट कातणाऱ्या बाईला जगण्यापुरते मिळालेच पाहिजे. त्यांच्या मनात आठ आणे होते, प्रत्यक्षात बांधला गेला तो दर त्याहून बराच कमी. पण तत्त्व मान्य झाले: घरातल्या कामाचीही मजुरी आठ तास धरून ठरवायची. विनोबा तेव्हा वर्ध्याजवळ नालवाडीत राहत. ते स्वतः रोज आठ-आठ तास, कधी उजव्या हाताने, कधी डाव्या हाताने सूत कातत बसले आणि चालू दराने जे पडेल त्यात पोट भरते का, हे त्यांनी अंगावर घेऊन पाहिले. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. खेड्यातली बाई काय कमावते हे त्यांना कागदावरून कळले असते. पण पाठीला आणि डोळ्याला ते काय करते, हे बसल्याशिवाय कळत नाही.

    

आता बिडीकडे येते. घरून काम म्हणजे काय, हे बिडीइतके स्पष्ट मला दुसऱ्या कशाने शिकवले नाही.

हातमाग बसले तसे पद्मशाली घरांतले पुरुष सोलापूरला, भिवंडीला, मुंबईला यंत्रमागावर गेले. बायका मागे राहिल्या आणि त्यांच्या मांडीवर सूप आले. माझी मावशी धर्माबादला बिड्या वळायची. कारखान्यातून तेंदूची पाने, तंबाखू आणि दोरा मोजून मिळायचा. रात्री पाने भिजत घालायची, पहाटे पत्र्याच्या मापाने कातरायची, मग वळायच्या, तोंडे दुमडायची, पंचवीसाचा कट्टा बांधायचा. मजुरी हजारावर. हजार बिड्या वळायला सराईत हाताला आठ तास लागतात, पाने फाटकी आली तर दहा-बारा. पाने कमी पडली तर बाजारातून आपल्या पैशाने आणायची. संध्याकाळी माल घेऊन गेले की तपासणारा माणूस चाळून छाट बाजूला काढायचा. छाटीचे पैसे नाहीत, आणि ती छाट परतही नाही.

मी सुट्टीत गेले की मावशीच्या बाजूला बसायची. शेजारीण दारातून विचारायची, "काय करायलीस गं?" मावशी म्हणायची, "काही नाही, बसायले." सूप मांडीवर, कातर हातात, आणि उत्तर हे. तिच्या मनात ते काम नव्हतेच. काम म्हणजे बाहेर जाऊन करतात ते. भाकरी टाकता टाकता, लेकराला पाजता पाजता, टीव्ही बघता बघता बोटे चालूच असायची. तिचा दिवस केव्हा सुरू झाला आणि केव्हा संपला, हे तिला सांगता आले नसते. घरातला प्रत्येक श्वास तंबाखूच्या धुळीचा. आणि अमावास्येला सुट्टी? तेंदूची भिजलेली पाने अमावास्या पाळत नाहीत, ती बुरसतात.

विणकराच्या कामाच्या सगळ्या कडा इथे गेलेल्या दिसतात. उजेडाची अट नाही, कारण बिडी दिव्याखाली वळता येते. पावसाची नाही, गल्लीची नाही, चार हातांची नाही. काम इतके सुटसुटीत की कुठेही, केव्हाही होते. आजकाल हेच घरून कामाचे सगळ्यात मोठे सुख म्हणून सांगितले जाते. मी मावशीकडे बघून म्हणते, जे कुठेही आणि केव्हाही होते ते सगळीकडे आणि सतत होऊ लागते. कोणीतरी कड घालून द्यावी लागते.

ती घालण्याचा प्रयत्न कायद्याने केला. १९६६ मध्ये बिडी आणि सिगार कामगारांचा कायदा आला. कारखान्याच्या आवाराबाहेर, आपल्या घरी बसून वळणारी बाईसुद्धा कामगार आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. सिन्नर-नगरकडे ज्याला घरखाते म्हणत, ते पहिल्यांदा कायद्याच्या कागदावर आले. मालक कोर्टात गेले. १९७४ मध्ये मंगलोर गणेश बिडी वर्क्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायदा कायम ठेवला. १९७६ मध्ये बिडी कामगार कल्याण निधी आला. त्यातून ओळखपत्र, दवाखाना, मुलांना शिष्यवृत्ती. सोलापूरजवळ कुंभारीला बिडी कामगार बायकांची दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली. नरसय्या आडम मास्तर आणि त्या बायकांनी त्यासाठी वर्षानुवर्षे मोर्चे काढले होते. २००६ मध्ये घरांच्या किल्ल्या मिळाल्या. घरातच काम करणाऱ्या बाईला आधी स्वतःचे घर तरी असावे, ही मागणी किती मुळातली होती!

तरीही एक फट राहिली. ओळखपत्र मिळाले, पण तास मोजणार कोण? कारखान्यात आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास लिहिता येतात. मावशीच्या ओसरीवर घड्याळ तिच्याच भिंतीवर होते आणि हजाराचा आकडा त्या घड्याळाहून मोठा होता. अहमदाबादच्या इला भट्ट आणि त्यांची १९७२ पासूनची सेवा संघटना यांनी हा प्रश्न जगापुढे नेला. १९९६ मध्ये जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरी बसून काम करणाऱ्या कामगारांसाठीचा १७७ क्रमांकाचा करार मंजूर केला. भारताने त्याला अजून संमती दिलेली नाही.

माझे काम मावशीच्या कामासारखे आहे असे म्हणणे तिच्यावर अन्याय करणारे होईल. मला महिन्याचा पगार आहे, भविष्यनिर्वाह निधी आहे, पंख्याखाली खुर्ची आहे. पण पहिल्या वर्षी मी जेवणाच्या ताटाशेजारी फोन ठेवू लागले, रात्री अकराला पत्रके तपासू लागले, आणि सासूबाईंना कोणी विचारले की सून काय करते, तर त्या म्हणायच्या, "घरीच असते." तेव्हा मला आजी आठवली. मग मी आजोळच्या घरातून एकेक गोष्ट उचलायला सुरुवात केली. टेबल माजघरातून काढून ओसरीवर आणले, रस्त्याकडे तोंड करून. येणारा-जाणारा बघतो की ही काम करते आहे, आणि टेबल रिकामे असले की तेही बघतो. दिवेलागणीला संगणक बंद. यामागे श्रद्धा आहेच, पण त्याहून जास्त म्हणजे, त्या वेळी अख्ख्या घराला कळते की काम संपले. दुपारी ऊन चढते तेव्हा दीड तास निजते आणि सकाळी लवकर बसते. आमच्या हवेत बारा ते तीन डोके चालत नाही, सूत चालत नव्हते तसेच. सकाळच्या त्या पहिल्या तीन तासांत जेवढे ताळे जुळतात, तेवढे पूर्वी पुण्याच्या ऑफिसात अख्ख्या दिवसात जुळत नव्हते. गल्लीतल्या दोघी-तिघी घरूनच काम करतात, एक शिलाई, एक ऑनलाइन शिकवणी. अमावास्येला आम्ही सगळ्याच बंद ठेवतो. मी त्या दिवसाची रजा मांडते. एकटीने ठेवलेली सुट्टी मोडते, चौघींची मोडत नाही, हे मला अनुभवाने पटले आहे.

पण एवढ्याने भागत नाही, कारण सूत अजून व्यापाऱ्याचेच आहे. मी टेबल कुठेही हलवले तरी रात्री येणारा फोन कंपनीचा असतो. फ्रान्समध्ये २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर संपर्कात न राहण्याचा हक्क कायद्यात आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत तसे खासगी विधेयक मांडले होते. त्याचा कायदा झाला नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घरी बसून काम करणाऱ्याची व्याख्या आहे, तासांचे बंधन नाही. म्हणून आमच्या विभागातल्या घरून काम करणाऱ्या आम्ही काही जणी मिळून कंपनीला लेखी मागणी देणार आहोत: संध्याकाळी सातनंतरचा फोन हा जादा काम धरावा, आणि प्रत्येकीच्या नावाने तासांची वही ठेवावी, जशी १९६६ च्या कायद्याने घरखात्याच्या बिडी कामगारासाठी मालकाने द्यायची होती. मसुदा मी लिहिला आहे. मराठीत आहे, इंग्रजी एकीने करायला घेतले आहे. मावशीला मी तो वाचून दाखवला, तेव्हा तिने एवढेच विचारले की पानं कमी पडली तर पैसे कोणाचे, हे त्यात आहे का. ते नव्हते. वीज, इंटरनेट आणि खुर्चीचा खर्च कोणी करायचा, हे कलम मी काल रात्री नाही, आज सकाळी घातले.